तिकटीवरचं मीठ

प्रिय दीपमाला,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. येडशीला सासरी पोचलीस आणि बाळ आता चांगलं खेळतंय, असं तुझ्या भावाकडनं कळलं. लई बरं वाटलं बघ, खोटं नाही सांगत. तापात त्याला झटके आले, तू दवाखान्यात भिंतीला टेकून बसलीस, हे ऐकलं तेव्हा इथं तुळजापुरात लॉजच्या काउंटरवरनंच मी देवीला हात जोडले होते.

मागच्या आठवड्यात गावी गेले. बसमधनं उतरले तर पारावरच्या बाया एकदम गप्प. धुरपदाकाकूनं नातवाचं तोंड पदराखाली झाकलं. माझ्यापासून, दीपे! गिरणीपाशी मोबाईलवर एका बाईचा आवाज चालू होता, मला बघून बंद केला. पुढच्या गल्लीत पुन्हा तोच, माझ्या आईचं नाव घेऊन सांगणारा. प्रेमाबाई भानामती करती, तिकटीवर मीठ टाकून मागं न बघता निघून गेली, म्या डोळ्यानं बघितलं, लेकरं जपा. आमच्या दारात टाचण्या टोचलेली लिंबं, आणि गल्लीत चिटपाखरू नाही.

आई घरात बसली होती, दोन्ही हात पदराखाली. मी पाया पडायला वाकले तर मागं सरकली, शिवू नको म्हणाली. दाव्याला गाय हंबरत होती, कास दगडासारखी झालेली. आई तिला हातच लावत नव्हती. मीच धार काढली. मग आई हळूच विचारते, शुभे, माझ्या हातून नकळत काही होत असंल का गं? अख्ख्या गावाची बाळं जिनं मांडीवर घेऊन न्हाऊ घातली, ती बाई हे विचारती!

मी तडक पोलीस ठाण्यात गेले. एखादीवर भानामतीचा आळ घेऊन तिची बदनामी करणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, असं साहेबांनी नीट समजावून सांगितलं. गावात पोलिसांची गाडी येऊन गेली तशी लिंबं थांबली, मोबाईलही गप्प झाले. मला वाटलं, सुटलो बाई.

कशाचं काय! भर दुपारी आई चुलीपुढं बसलेली, ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकलं तर तेच शब्द, त्याच बाईच्या आवाजात. ‘लेकरं’ म्हणायच्या आधी जो आवंढा आहे, तोसुद्धा तिथंच. माझ्या आईच्या तोंडून दुसरीच कुणी बोलत होती. मी भ्याले गं, माझ्याच आईला भ्याले.

तो आवंढा मी शाळेपासनं ओळखते. प्रार्थना सांगताना तू असाच गिळायचीस. साहेबांनी विचारलं, आवाज कुणाचा, तेव्हा मी उत्तर न देता उठून आले. दीपे, ते मीठ तुझ्याच बाळावरनं उतरलेलं होतं. बाळंतपणाला माहेरी आलीस, बाळ रडायचं थांबेना, तेव्हा दृष्ट काढायला आईला तूच बोलावलंस. तीन रस्ते फुटतात तिथं टाकायचं, बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, ही रीत तुला माहीत नव्हती का? नंतर ताप आला, तू घाबरलीस, नणंदेला मोबाईलवर बोलून पाठवलंस आणि ते एकीकडनं दुसरीकडं जात आपल्या गावभर झालं. समजतं मला. तरी राग जात नाही. सोमवारी मी ठाण्यात तुझं नाव सांगणार आहे, ते काही मी लपवणार नाही. पण त्याआधी रविवारी गावी आईकडं ये. कायद्यानं गावाची तोंडं बंद झाली, आईच्या तोंडातला तुझा आवाज कायद्याला काढता येत नाही. काही बोलू नकोस वाटल्यास. नुसतं बाळ तिच्या मांडीवर ठेव, आणि तिचे हात पदराखालनं बाहेर येईपर्यंत उचलू नकोस.

अजून तरी तुझीच,
शुभांगी