रथाच्या फोटोमागची ओळ

कळंब,
४ फेब्रुवारी १९६२

चि. बळीराम यास,
अ. आ. व जयभीम.

तुझ्या इंग्रजी चित्रपटांच्या फोटोंचा गठ्ठा आमच्या हातून गहाळ झालेला नाही, हे या पत्राने सिद्ध करावयाचे आहे. मोहिउद्दीनशेठच्या फिरत्या टॉकीजवर तू मशीन चालवीत होतास. तंबूच्या दारावरील काचपेटीतून उतरलेले रोमन सरदार, हत्ती आणि रथ तू हौसेने जमवलेस, हे मान्य. नागपूरला जाताना गठ्ठा घरी ठेवलास, असे तू म्हणतोस. परंतु धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा सोडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी मी स्वतः केली होती. तीत तुझे फोटो नाहीत, घरातही नाहीत. अर्थात तूच ते नेलेस आणि विसरलास, हाच निष्कर्ष उरतो. यादीची नक्कल जोडली आहे.

तुझी वहिनी म्हणते, भाऊजींना स्वतःची टोपीही सापडत नसे. खुशाली कळवावी, माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा दादा,
डोमाजी


नागपूर,
११ फेब्रुवारी १९६२

ती. दादांस,
सा. न. व जयभीम.

शुद्ध लिहिलं तरी तुम्ही मास्तर, लाल शाई काढालच, म्हणून घरच्यासारखंच लिहून राह्यलो. वहिनीले सांगा, टोपी डोक्यावरच होती.

यादी वाचली. अकरावी ओळ पाहा: 'दाढीवाल्या देवांच्या तसबिरी, सहा.' दादा, आपल्या घरी दाढीवाला देव कधी होता? खंडोबाले मिशा, मरीआई तर शेंदराचा गोटा. ते माहे रोमन म्हातारे! गठ्ठ्यातल्या वरच्याले आई देव समजून कुंकू लावे, तुम्हाले माहीत नसन.

आधी हसलो. मंग हसू आलं नाही. पाच गेले तं जाऊ द्या. सहावा रथाच्या शर्यतीचा होता. त्या खेळाले आबा उभे राहून ओरडले, ते मी मशीनपासून ऐकलं अन् फोटोमागं लिहून ठेवलं: 'अबे, डाव्या घोड्याले सैल सोड!' बाप गेला, अन् त्याचा फोटो आपल्यापाशी एकही नाही. तेवढा आवाजच होता.

रागावलो नाही. तुम्हीही रागावू नका, लोभ हाय तसा ठेवा.

तुमचा,
बळीराम


कळंब,
१६ फेब्रुवारी १९६२

चि. बळीराम यास,
अ. आ. व जयभीम.

माझा पक्ष पडला, आणि तो माझ्याच यादीने पाडला. वरच्या म्हाताऱ्याच्या कपाळी कुंकू दिसले; खालचे न पाहता मी नुसत्या कडा मोजल्या, सहा लिहिले आणि गठ्ठा पाण्यात सोडला. उत्तरपत्रिकेची मागची बाजू न पाहणाऱ्या शिक्षकांना मी आयुष्यभर बोल लावला आहे.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. आबांनी शेठची पोस्टरची बैलगाडी अकरा वर्षे हाकली. कासरा वा लगाम ताणला की जनावराच्या तोंडाला काय होते, ते त्यांना कळत असे. ते ओरडताच सारा तंबू हसला. मी नवा मास्तर. मी त्यांचे धोतर ओढून त्यांना खाली बसवले. मग ते हळू बोलले, ते मला एकट्यालाच ऐकू आले. तुझ्या फोटोमागे ते नव्हतेच. तुझी ओळ आणि ही ओळ, दोन्ही एका कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहून सोबत पाठवीत आहे:

'मास्तर, तुले लाज वाटून राह्यली, पण त्या मुक्याचं तोंड सोलून राह्यलं.'

फोटो बुडवल्याचा दोष अकराव्या ओळीत माझ्याच अक्षरात नोंदलेला आहे. सहीनिशी कबुली देतो ती दुसऱ्या चुकीची: त्या दिवशी मी आबांना खाली बसवायला नको होते.

डोमाजी उकंडा वाळके