चैत्राचे दात

कुंदापूर,
९ ऑक्टोबर १९९४

अहो,

नमस्कार. इथं सगळं ठीक. मस्कतला तुम्ही वेळेवर जेवता ना? म्हैस व्याली, रेडी झाली. अत्तेंचे गुडघे दुखतात. मासेवालीशी भांडताना मात्र दुखत नाहीत.

चैत्राला मंगळूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. नववं वर्ष सरत आलं तरी वरचे दोन दुधाचे दात पडेनात. अत्ते रोज दात गुंडाळायला शेण कालवून ठेवल्यासारख्या तयार, "काय गं, कौलांवर फेकायला दात कधी देणार?" डॉक्टरांनी एक्सरे काढला. हिरडीत त्या जागी पक्के दातच नाहीत.

त्यांनी विचारलं, "ही पोटात असताना काही औषध चालू होतं?" मी तोंड उघडायच्या आत अत्ते म्हणाल्या, "आमच्या सुनेला डोकेदुखीची गोळीसुद्धा घेताना पाहिली नाही मी!"

मी हो म्हणून मान हलवली.

तेव्हापासून अत्ते स्वतःलाच दोष देतात. त्यांच्या भावाला म्हणे दात कमी होते. त्याचं प्रायश्चित्त म्हणून शनिवारी जेवत नाहीत. मला ते बघवत नाही.

अहो, मला पंधराव्या वर्षापासून फिट येतात. लग्नाआधी माझ्या अप्पांनी सांगू दिलं नाही आणि नंतर मी भ्याले. गोळ्या मेथीच्या डब्यात असतात. त्यांच्यामुळेच तुमच्या घरात कधी फिट आली नाही. चैत्राच्या वेळीही घेत होते.

आणखी एक. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात ना, मला तिसरा महिना आहे. या बाळाचंही तसंच होईल या भीतीनं गोळ्या बंद केल्या. अकराव्या दिवशी पेजेच्या हंड्यापाशी कोसळले. चैत्रानं पाहिलं. "अम्मा, अज्जीला सांगू?" म्हणाली. मी नको म्हटलं. आता तीही गप्प असते. माझंच शिकली.

काल एकटीच फिटच्या डॉक्टरांकडे गेले. फार बोलले. "गोळ्यांनी दातांचं झालं असेल, नसेलही. पण मनानं बंद केल्यास तर तूही जाशील, बाळही जाईल." गोळी बदलून दिली, कालपासून सुरू केली. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊनच ये म्हणाले.

अत्तेंसमोर माझी जीभ रेटत नाही. तुमची पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते. आजवर नको ते गाळत आले. या पत्राचं उत्तर त्यांच्याच नावे लिहा. हे सगळं त्यात लिहा. रागावलात तर रागाचंही लिहा. मी मोठ्यानं वाचेन, चैत्राला शेजारी बसवून. एक शब्द गाळणार नाही.

सहीत 'तुमची' हा शब्द तुमचं उत्तर आल्यावरच लिहीन.

चैत्राची अम्मा,
जलजा