लाल बाजू

४ जुलै
मस्कतजवळच्या सीबहून बसने सलालाला आलो, तिथून पाण्याच्या टँकरमध्ये बसून डोंगरावर. काय जागा आहे! आठ वर्षं मस्कतची भट्टी सोसली आणि इथे चक्क हिरवंगार गवत, भुरभुर पाऊस, धुकं. गुहागरला परत गेल्यासारखं वाटलं. काम सोपं आहे, गुरांच्या हौदांना पाणी सोडणारा पंप सांभाळायचा. केबिनमध्ये दोघंच, मी आणि राजापूरचे मुनीरभाई. ते इथे बावीस वर्षं आहेत. माणूस तुसडा. एकनाथ हे माझं नाव विचारून घेतलं आणि पाठ फिरवून कांदा चिरायला बसले. पण बांगड्याचं कालवण झकास करतात, म्हणून माफ.

६ जुलै
मुनीरभाई खालच्या व्हॉल्व्हकडे गेले तेव्हा मागच्या उतारावर भटकून आलो. परतताना गवतात ओळीने दगड दिसले, समोरची बाजू लालभडक. थेट शेंदूरच! आमच्या गावच्या वेशीवर असाच राखणदार आहे, मला अगदी गलबलून आलं. आधीच्या कोणी गाववाल्याने मांडले असणार. एक उचलून आणला, पंपाजवळ ठेवला, खोबरेल लावलं. मागून तो पांढरा आहे हे इथे आल्यावर कळलं. असू दे, नव्या जागी आपलं कोणीतरी हवंच.

७ जुलै
मुनीरभाईंनी दगड पाहिला आणि माझ्या कानाखाली वाजवली. मग सांगितलं. एकाहत्तर-बहात्तर साली या डोंगरावर लढाई चालली होती. तेव्हा पुरलेले सुरुंग अजून जमिनीत आहेत. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, काकांचा पाय त्यातच गेला. म्हणून हे दगड. पांढरी बाजू चालायच्या जमिनीकडे, लाल बाजू सुरुंगांकडे. मला लाल दिसलं, म्हणजे मी आत उभा होतो. तू जिवंत आलास कसा, असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि ते काही आनंदाने नव्हतं. होता तिथे आत्ताच्या आत्ता ठेवून ये म्हणाले, धुक्यात व्हॉल्व्हची वाट ते त्या ओळीवरूनच धरतात.

गेलो. ओळच सापडेना. पुढे पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. दगड उताराच्या तोंडाशीच टाकला आणि येऊन सांगितलं, ठेवला जागेवर. माझी मलाच शरम वाटते आहे.

९ जुलै
दगड पंपाजवळ परत आला आहे. मी आणलेला नाही. दरीत फेकला.

१० जुलै
सकाळी दारात. एक नाही, चार. मुनीरभाईंना दाखवले, तर त्यांना तिथे काहीच दिसत नाही. आईवरून शिव्या दिल्या. या वेड्याला घेऊन जा, असा अर्बाबला फोन केला. धुकं हटल्याशिवाय गाडी येणार नाही. उद्या ते व्हॉल्व्हकडे जाणार. त्याआधी त्यांना खरं सांगायलाच हवं. पण तोंड उघडलं की ते असे बघतात — उद्या सकाळी सांगतो.

११ जुलै
मी उठायच्या आत ते गेले होते. नऊ वाजता खाली उतारावर धडाका. काचा हादरल्या. दारातून हाका मारत राहिलो. मी मारलं त्यांना. फोनवर पोलीस म्हणाले, जागचा हलू नकोस.

दुपार
दगड केबिनभोवती. चारही बाजूंनी. सगळे लाल तोंड माझ्याकडे करून —

१२ जुलै
धुकं आत आलं आहे. मुनीरभाई दार वाजवतायत. रागावलेले नाहीत, नुसते दमलेले. वाट सापडत नाही म्हणतायत. ओळ कुठे तुटली तेवढं येऊन दाखव —

ओरडून खरं सांगितलं. ठेवलाच नव्हता दगड. बाहेरून पुन्हा तेच. ये. दाखव.

जायलाच हवं. माझ्यामुळे ते तिथे — खाटेवरून डावा पाय खाली सोडला. लादी नाही. गवत लागतंय, ओलं. आता उज—