कागदावरचा भाऊ

तल्ल रुम्मान,
१२ सप्टेंबर १९४९

ती. अफीफाताईस,
धाकट्या इस्मतचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, सोबतचं कापडही. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्याहून जास्त तोंड कुरकुरतं, तेव्हा काळजी नसावी. मकदूसच्या लोणच्याला वांग्यांत अक्रोड भरायचं काम परवाच उरकलं. दमास्कसला येणारं कुणी भेटलं की एक बरणी पाठवते.

पत्रास कारण की, मला लष्करात बोलावलं आहे.

हसू नकोस. काल शिपाई आला आणि इस्मत दब्बाग कुठे आहे म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला की बाई, चेष्टा पुरे, भावाला बाहेर पाठवा. आम्हांला भाऊच नाही असं आईनं सांगितलं, तेव्हा त्यानं कागद नाकासमोर नाचवला: इस्मत, मयत हलीम दब्बाग यांचा मुलगा, वय बावीस. आईनं मला आत ओढलं. मग हळूच तिनं सांगितलं. मी जन्मले तेव्हा जन्माच्या नोंदी ठेवणाऱ्या मोहल्ल्याच्या मुख्तारांना कुणीतरी उंबऱ्यातूनच नाव ओरडून सांगितलं. इस्मत हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही. त्यांनी मनाला आलं ते वहीत लिहिलं. बाबांना पुढं कळलं होतं, पण ते म्हणाले होते की राहू दे, वहीत तरी एक मुलगा असू दे.

इकडे नाट्यमंडळातही रडगाणं आहे. उस्ताद बद्रींनी रोमनांशी लढलेल्या तदमूरच्या राणीवर नवं नाटक लिहिलंय. मी नेहमीसारखी कपडे शिवणार आणि विंगेत लपून प्रॉम्प्टिंग करणार. पण राणीच मिळेना. गेली नऊ वर्षं गावातल्या साऱ्या राण्या अबू नज्म खाटकानं केल्या. यंदा त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, व्याही तालेवार, म्हणून गडी मिशी काढायला तयार नाही. उस्ताद म्हणाले की मिशीवाली राणी रोमनांना पळवून लावेल खरी, पण प्रेक्षकही त्यांच्यामागून पळतील.

लष्कराचं काय करू ते कळव. लोभ आहेच; माझ्या हाती बंदूक आली तरी तो कमी होऊ नये, ही विनंती.

तुझी,
इस्मत


दमास्कस,
१९ सप्टेंबर १९४९

चि. इस्मतला अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी हसले नाही. शिक्षिकांच्या खोलीत पत्र वाचत होते आणि माझा चेहरा बघून एका बाईंनी मला पाणी आणून दिलं.

अगं, आमच्या महिला संघानं अकरा वर्षं अर्ज लिहिले. मंत्री बदलत गेले, आम्ही त्याच दारांत उभ्या राहिलो. तेव्हा कुठं आता बायकांना मताचा हक्क मिळालाय, तोही ज्यांच्याकडे प्राथमिक शाळेचं प्रमाणपत्र आहे त्यांनाच. पुरुषाला शाईत अंगठा बुडवता आला की झालं! आणि या संघाच्या चिटणिसाची सख्खी बहीण पुरुषांच्या रांगेत उभी राहून मत देणार? मी तोंड कुठं लपवू?

तू चौथीतून शाळा सोडलीस, म्हणजे बाई झालीस तर तुझं मत जाईल, हे मला कळतं. आईच्या आजारपणात तू घरी राहिलीस म्हणून मी शिकले, तेही मी विसरलेले नाही. पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्याच्या उद्या मुख्तारांकडे जा आणि नोंद दुरुस्त करून घे. उशीर करू नकोस, टंगळमंगळ करू नकोस, आणि त्यांच्याशी भांडू तर मुळीच नकोस.

आईला सलाम. लोभ वाढवावा आणि माझं ऐकावं.

तुझी,
अफीफा


तल्ल रुम्मान,
३ ऑक्टोबर १९४९

ती. अफीफाताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

टंगळमंगळ केली नाही. भांडले मात्र.

मुख्तारांनी मला कॉफी दिली, वही काढली, चष्मा लावला आणि ठासून सांगितलं की तू पुरुष आहेस. मी म्हटलं की काका, या घरच्या लेकी-सुनांचे कपडे मी शिवते, तुमच्या बायकोची मापं मी घेते. त्यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाले की पुरुषानं माझ्या बायकोची मापं घेतली हे पुन्हा कुणापुढं बोलू नकोस. या वर्षात त्यांच्या भिंतीवरची तसबीर दोनदा बदलली, सरकारं आली नि गेली, पण वहीत खाडाखोड होणार नाही म्हणजे नाही. फारच वाटत असेल तर दोन साक्षीदार आण आणि कोर्टात जा, म्हणाले.

साक्षीदार मिळाले असते गं, पण मधेच उस्ताद बद्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. नगरपालिकेचा हुकूम आहे की रंगमंचावर स्त्रीनं पाऊल ठेवायचं नाही, स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या. उस्तादांनी माझा लष्कराचा कागद उचलला आणि थेट अध्यक्ष सुब्ही बेग यांच्यापुढं ठेवला. बेगसाहेबांनी कागद पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला आणि परवानगीवर सही केली. तेव्हा राणी मी! सगळी भाषणं मला पाठच आहेत. नऊ वर्षं अबू नज्मला मीच तर पुरवत होते.

आता गावात कुणी मला बाई म्हणायला तयार नाही. म्हणावं तर बेगसाहेबांनी बाईला रंगमंचावर चढवलं असं होतं. पाववाला मला ‘या दादा’ म्हणतो. आणि अबू नज्म रोज दुपारी मला बाईसारखं चालायला शिकवतो. त्याचं म्हणणं, आधी कंबर निघते, मग बाई निघते. मी म्हटलं, मामा, मी बावीस वर्षं बाईसारखीच चालतेय. तो म्हणाला की ते घरगुती चालणं झालं, कलेत ते चालत नाही.

ताई, खरं सांगू? तालमीत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. आजवर सारी वाक्यं कुजबुजलेच होते. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तुझं तत्त्व थोडे दिवस थांबेल का?

लोभ असू द्यावा, दादावर असतो तसा.

तुझी,
इस्मत


दमास्कस,
१४ ऑक्टोबर १९४९

राजमान्य राजेश्री बंधुराज इस्मत यांस,
अफीफाचा कृतानेक सलाम. वि. वि.

वरचा मायना वाचून तू काय तोंड करशील ते मला दिसतंय. करून घे.

डिसेंबरात कैरोला स्त्रियांची परिषद आहे. आमच्या संघातर्फे मी बोलणार आहे; विषय, स्त्रीचं स्वातंत्र्य. पासपोर्टसाठी गेले तर कारकून म्हणाला की अविवाहित बाईला घरच्या पुरुषाची लेखी संमती लागते. वडील वारले, असं मी सांगितलं. त्यानं वही चाळली आणि प्रसन्न होऊन म्हणाला की मग अडचण काय, तुम्हांला भाऊ आहे, बाबा गेल्यापासून तोच कुटुंबप्रमुख. मी तीस वर्षांची आहे इस्मत. तुझं शेंबडं नाक मी पुसलं आहे. आणि तू माझी पालक!

मी भांडणार होते. पण मग आठवलं की तू कागदावर पुरुष नसलीस तर तो मान ममदूहकाकांना जातो. आपले काका कसे आहेत ते तू जाणतेसच. त्यांच्या मते बाईनं गावची वेस ओलांडली की पाऊस पडायचा थांबतो.

तेव्हा, तत्त्व अर्थातच कायम आहे. पण नोंद दुरुस्त करायची तूर्त घाई करू नये. सोबत संमतिपत्राचा कागद पाठवते आहे. सही सुवाच्य कर. आणि हे आमच्या संघातल्या कुणाला कळता कामा नये.

बंधुप्रेम असंच राहू द्यावं, ही नम्र विनंती (दात खाऊन लिहिलेली).

अफीफा


तल्ल रुम्मान,
२९ ऑक्टोबर १९४९

चि. भगिनी अफीफा हिला,
कुटुंबप्रमुखाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अर्ज पोचला. मी त्यावर तीन दिवस गंभीरपणे विचार केला. आईशी सल्लामसलत केली. ती म्हणाली की आधी पोरीला नीट जेवायला सांग. तेव्हा संमती देत आहे, पुढील अटींवर: परदेशात डोक्याला वारं लागू देऊ नये, वेळेवर निजावं, आणि लहानपणी माझी बाहुली तू विहिरीत टाकलीस ते लेखी कबूल करावं.

चेष्टा पुरे. सही केली, सोबत जोडली आहे. एका ओळीनं तुला अडवता आलं असतं, ताई. मी, जी तुझ्या पत्रांतली अर्धी वाक्यं दोनदा वाचते. काकांच्या हातात असा कागद असता तर काय झालं असतं या विचारानं तो लगेच पाकिटात घालून टाकला.

सोमवारी छावणीत डॉक्टरी तपासणी झाली. एकोणचाळीस तरुण आणि मी. डॉक्टर चांगल्या घरचा होता. मला बघताच त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाला की परस्त्रीला मी हात लावणार नाही. हवालदार म्हणाला की साहेब, हा पुरुष आहे. डॉक्टर म्हणाला की मग याला सांगा, सोबत घरच्या पुरुषाला घेऊन ये. हवालदारानं कागद पाहिला आणि म्हणाला की घरचा पुरुष हाच आहे. तिघांनी बराच खल केला. बाई म्हणून परत पाठवावं तर तक्त्यात ‘बाई’ असा रकानाच नव्हता, आणि चाळीसचे एकोणचाळीस कसे झाले याचा जबाब द्यावा लागला असता. शेवटी डॉक्टरनं खिडकीकडं बघतच मला जोडे काढायला सांगितले आणि लिहिलं: तळपाय सपाट, लष्करास अयोग्य.

माझे तळपाय छान कमानदार आहेत. पण सुटले.

लोभ ठेवावा आणि पालकाचा मान राखावा.

तुझी,
इस्मत


दमास्कस,
१७ नोव्हेंबर १९४९

चि. इस्मतला अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी मत दिलं.

पहाटेपासून तयार होते. तपकिरी कोट घातला. प्रमाणपत्र चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत ठेवलं होतं. अधिकाऱ्यानं ते उजेडाला धरून पाहिलं, नोट खोटी आहे का तपासतात तसं. मग विचारलं की कुणाला मत द्यायचं ते घरून सांगितलंय ना. मी म्हटलं की हो, भावानं सांगितलंय, तुला वाटेल त्याला दे. तो म्हणाला की चांगला भाऊ आहे. मी चिठ्ठी पेटीत टाकली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

माझ्यामागं आमच्या शाळेची झाडूवाली उम्म खालिद आली होती. वर्गाबाहेर झाडत झाडत ती सगळे पाढे शिकली आहे. प्रमाणपत्र नाही म्हणून तिला परत पाठवलं. तरी ती मला मुबारक म्हणाली. तेव्हापासून तुझा विचार डोक्यातून जात नाही. तुला मी तत्त्व शिकवायला निघाले, आणि सोय दिसताच तेच तत्त्व घडी घालून पेटीत ठेवलं. तुला वाटेल ते कर. मी काही सांगणार नाही.

बाहुली मीच टाकली होती.

लोभ असावा, मी त्याला पुरेशी लायक नसले तरी.

तुझी,
अफीफा


तल्ल रुम्मान,
२६ नोव्हेंबर १९४९

ती. अफीफाताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

कबुली पोचली. बाहुलीच्या आत्म्यास शांती लाभो. आता सगळं क्रमानं सांगते.

मत मीही दिलं. पुरुषांच्या रांगेतून मला बायकांच्या रांगेत पाठवलं, तिथं प्रमाणपत्र नाही म्हणून परत पुरुषांच्या. शेवटी दिलं एकदाचं. पण घरी येताना वाटत राहिलं की मत पडलं खरं, पडलं कुणाचं?

अठरा तारखेला, शुक्रवारी दुपारी नाटक झालं. खाली पुरुष, वर सज्जात बायका. कैद झालेल्या राणीचे साखळदंड अबू नज्मच्या दुकानातले होते, त्यांना मटणाचा वास येत होता. पण राणी रोमनांपुढं ताठ उभी राहून बोलू लागली तेव्हा शेंगदाणे खायचेसुद्धा लोक थांबले. ताई, शेवटच्या भाषणात मी उस्तादांची वाक्यं विसरले आणि माझी बोलले. उस्ताद विंगेत डोकं धरून बसले. कुणाला फरक कळला नाही.

आता इथली रीत अशी की पडदा पडायच्या आधी राणी केसांचा टोप काढते. अबू नज्म टोप काढून नसलेल्या मिशीला पीळ द्यायचा आणि हशा-टाळ्यांनी छप्पर उडायचं. मीही टोप काढला. आतून माझे केस सुटले ते कमरेपर्यंत. सुब्ही बेग पांढरेफटक पडले. मग एकदम उभे राहिले आणि ओरडले की वाहवा, टोपाखाली दुसरा टोप! सगळे पुरुष उठून टाळ्या वाजवू लागले. अशी कारागिरी आजवर झाली नाही, असं पाववाला रडत रडत म्हणाला. वर सज्जात मात्र एकही टाळी नव्हती. बायका कठड्यावर वाकून माझ्याकडं बघत होत्या. मग आईनं जिभेचा तो लग्नातला उलुलू सूर लावला आणि मागोमाग साऱ्या सज्जानं.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आलंय की इस्मत दब्बाग या होतकरू तरुणानं भूमिका कष्टानं उभी केली, परंतु स्त्रीसुलभ असं काही त्याला साधलं नाही.

ते वाचून मी ठरवलं. टाळ्या त्या तरुणाला मिळाल्या, मत त्याचं पडलं, तुला संमती त्यानं दिली. मी बापडी विंगेतच आहे अजून. तुझा पासपोर्ट हाती आल्याची तार आली तशी मी कोर्टात गेले. साक्षीला अबू नज्म आला. न्यायाधीशांपुढं छातीवर हात ठेवून म्हणाला की नऊ वर्षं मी बाईचं सोंग केलंय, सोंग मी ओळखतो. या पोरीला ते बिलकूल जमत नाही, म्हणजे ही खरीच बाई. दुसरी साक्ष दोन बायकांची, कारण कोर्टात दोन बायका मिळून एक साक्ष धरतात. जिनं मला जन्म दिला तिची अर्धी, शेजारच्या उम्म वदादची अर्धी. आई रस्ताभर विचारत होती की तुला मी अर्धीच जन्माला घातलं का गं.

सगळं जमलं, तर कारकुनानं अडवलं. बाईचा अर्ज थेट घेता येत नाही, कुटुंबप्रमुखाची संमती जोडा, म्हणाला. कुटुंबप्रमुख कोण ते त्यानंच वहीत पाहिलं. तिथं माझंच नाव होतं. मग एक कोरा कागद माझ्याकडं सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आता माझं पालकत्व काकांकडं जाईल, मत जाईल, पुढच्या वर्षीची राणी जाईल. प्राथमिकच्या परीक्षेला बसणार आहे. पाचवी-सहावीची पुस्तकं पाठव, आणि उम्म खालिदलाही एक जोड दे. नाटकाचं नंतर बघू. सज्जातल्या चौघीजणी परवा घरी येऊन विचारून गेल्या की आम्हांला पाठ करायला काहीतरी दे.

कैरोला चांगली बोल. मोठ्यानं बोल. कोर्टात मी काय लिहिलं ते मात्र तुला सांगून ठेवते. लिहिलं की, मी, इस्मत दब्बाग, कुटुंबप्रमुख या नात्यानं लिहून देतो की माझी धाकटी बहीण इस्मत ही स्त्री असण्यास माझी कोणतीही हरकत नाही. आणि खाली दोघांच्याही सह्या केल्या.

लोभ आता एकटीवरच करावा, ही विनंती.

तुझी बहीण,
इस्मत