आणले टिकारामने, दिले भैयालालजींनी

कोहमारा,
६ ऑक्टोबर २०२५

चि. डिंपल हिस मोठेबाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू भरभर बोलतेस आणि मी नुसता हो-हो म्हणतो, म्हणून लिहितो आहे. दुकानाचा हिशेब तू कॉम्प्युटरात घालून दिलास, तेव्हापासून जिवाला चैन नाही. पंप आणि पाइप मी जन्मभर वहीवर विकले. वहीने कधी गिऱ्हाइकाला मेसेज केला नाही. हा बेटा आपल्या मनानेच करतो.

आपले व्याही, अंजनाचे सासरे भैयालालजी, त्यांना पाइपचे पैसे बाकी असल्याचा मेसेज पुन्हा पुन्हा जातो. पैसे तर त्यांनी केव्हाच पाठवले, चोरखमाऱ्याहून दुधाची गाडी आणणाऱ्या टिकारामच्या हाती. मला मिळाले, मी कॉम्प्युटरात लिहिले. बँकेत भरले, तेही लिहिले. आणखी काय लिहायचं राहिलं? व्याही चारचौघांत म्हणाले, "माहा मानूस खोटा का तुमची मशीन खोटी, थे सांगा जी पयले." तोवर अंजनाला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेलाही माहेरी पाठवणार नाहीत म्हणे. तुझी मोठीआई ताट वाढते, पण बोलत नाही. काही तरी कर.

तुझे मोठेबाबा, योगराज


नागपूर,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. मोठेबाबांना डिंपलचा सा. न. वि. वि.

इथून तुमचा हिशेब उघडला आणि ऑफिसात एकटीच हसत बसले. टिकारामकाकांनी आणलेले त्या बाजूच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे तुम्ही काकांच्याच नावावर जमा केलेत! त्यामुळे काकांचे ढीगभर पैसे आगाऊ जमा, आणि ज्यांनी दिले ते सगळे थकबाकीदार. आणले कोणी ते नाही, दिले कोणी ते लिहायचं असतं.

शिवाय बँकेत भरलेली रक्कम तुम्ही नवी कमाई म्हणून लिहिली, म्हणून तेच पैसे दोनदा दिसतात. आलेले पैसे ज्याचे त्याच्या नावावर लिहा. ते 'बँकेत भरायचे' या खात्यात थांबतात. मग ज्या रकमा एका स्लिपवर भरल्या, त्यांच्यावर खूण करा. नवं काही लिहू नका. दुरुस्ती मी केली असती, पण कोणाचे किती आले ते तुम्हालाच ठाऊक.

मोठीआईला नमस्कार. रागावली असली तरी ती जेवली का, ते बघत जा.

तुमची डिंपल


कोहमारा,
२ नोव्हेंबर २०२५

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

डोळे दुखेस्तोवर बसून सगळं फिरून लिहिलं. लगेच व्याह्यांना मेसेज गेला, रक्कम मिळाली, धन्यवाद. मला वाटलं सुटलो. पण त्यांनी निरोप धाडला की मशीनचे आभार नकोत, मी विचारलं होतं त्याचं काय?

मग टिकारामच्याच गाडीत बसून गेलो. दुधाचे कॅन आदळत होते आणि वाटभर त्याने माझ्याकडे मान वळवली नाही. व्याह्यांच्या ओसरीवर माणसं बसलेली. सगळ्यांपुढे म्हणालो की टिकाराम खरा, मशीनही खरी, चुकला तो माझा हात. व्याह्यांनी टिकारामकडे पाहिलं. तो म्हणाला, "चाय तं पाजा जी, बुढा उन्हातून आला."

काल मंडईला अंजना आली, त्याच गाडीने. आल्या आल्या तिने पंपाच्या मोटारीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. सासऱ्यांनी बजावून पाठवलं होतं, आणले सुनेने, पण लिहा माझ्या नावावर.

लिहिलं. मग तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. तुझी मोठीआई स्वयंपाकघरातून म्हणाली की आता तरी पोरीला पाणी द्या.

लोभ आहेच, तो असू दे. फोनवर मात्र हळू बोलत जा.

तुझे मोठेबाबा, योगराज