जप्त केलेला उसळता ठोकळा परत न मिळणेबाबत

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती कार्यालय,
जि. बुलढाणा

अर्जदार : कु. पायल प्रसेनजित हिवाळे, वय २३, धंदा : सेतू केंद्रात संगणकचालक, रा. मौजे सोनखेर्डा

विषय : ग्रामपंचायतीने जप्त केलेला उसळता ठोकळा आणखी काही काळ परत न मिळणेबाबत.

संदर्भ : १) ठोकळा परत मिळणेबाबत माझा अर्ज. २) त्यावरील माझी स्मरणपत्रे. ३) ठोकळा तात्काळ परत करण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. विषयातील 'न' ही टंकलेखनाची चूक नाही, हे आधीच नम्रपणे स्पष्ट करते. मी गावातील सेतू केंद्रात इतरांचे अर्ज लिहून देते. दाखला मिळणेबाबत, अनुदान मिळणेबाबत, नळजोडणी मिळणेबाबत असे अर्ज रोज हातून जातात. हाती येत असलेली वस्तू न मिळणेबाबत अर्ज करण्याची माझी ही पहिलीच वेळ असल्याने मजकुरात कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. सदर ठोकळा माझे आजोबा श्री. किसनराव हिवाळे यांच्यासाठी बनविलेला आहे. आजोबांनी उभी हयात भीमगीतांच्या गायन पार्टीत पायपेटी वाजविली. पायपेटी म्हणजे जिचा भाता हाताने नव्हे, पायाने मारतात ती. मेहकर, लोणार, साखरखेर्डा, खाली पार जालन्यापर्यंत पार्टी जात असे. गायक बदलले, ढोलकीवाले बदलले, पेटीवर मात्र आजोबाच राहिले. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांना लकवा झाला व डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला, पाय आला नाही. डॉक्टरांनी पायाचे व्यायाम लिहून दिले. ते आजोबांनी केले नाहीत. "ज्या पायानं भाता मारला, तो पाय आता उशीवर ठेवून हालवा म्हन्तात," एवढे बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. पुढे बोलणेही आटत गेले. आजी जनकाबाई खाटेजवळ ताट ठेवत असे आणि बरेचदा तसेच उचलत असे.

३. माझ्याकडे टीव्हीला जोडायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. त्यात एक छोटा माणूस पळतो, उड्या मारतो, खड्डे ओलांडतो. वाटेत एक पांढरा चौकोनी ठोकळा लागतो, त्यावर सुराची खूण काढलेली असते. पाय पडला की ठोकळा दबतो, माणसाला वर उडवतो आणि टुणकन सूर निघतो. या गेमचे अनेक भाग निघाले. कुठे त्या ठोकळ्याचा रंग बदलतो, कुठे एकाच्या जागी रांग असते, पण एकामागून एक भागांत तो भेटतच राहतो. दिवाळीच्या सुटीत मी खेळत असताना मागून आवाज आला, "काऊन पळून राह्यली वं? थांब नं त्याच्यावर."

आजोबा भिंतीकडून टीव्हीकडे वळले होते. मी थांबले. छोटा माणूस ठोकळ्यावर उसळत राहिला आणि वेळ संपल्यामुळे मेला. पुन्हा सुरू केले, पुन्हा मेला. मी आजोबांकडे पाहिले तर ते म्हणाले, "मरू दे. पाय देल्याबिगर सूर निघत नाही, हे त्याले समजलं हाये. तू खेळ." त्या आठवड्यात मी गेमचा एकही टप्पा पार केला नाही. पण आजोबा जेवायला उठून बसू लागले.

४. माझे वडील प्रसेनजित यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. तसला ठोकळा खराच बनवावा, ही कल्पना माझी, बनविला वडिलांनी. ट्रकची जुनी ट्यूब, खाली-वर प्लायवूड, मोटारसायकलच्या सीटचा फोम आणि वरून पांढरे रेक्झिन. आवाजासाठी आत पेटीच्या 'सा'च्या पितळी पट्ट्या (हवा गेली की वाजतात त्या) बसवायच्या ठरल्या. आजोबांची पायपेटी माळ्यावर होती व तिला वाळवी लागली होती, तरी तिला हात लावण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणात नव्हते. आजोबाच म्हणाले, "फोडा तिले. लाकूड गेलं तरी सा कुठं जाते?" वडिलांनी पेटी अंगणात उघडली, तेव्हा आजी घरात निघून गेली. गेममधल्या खुणेच्या जागी मी काळ्या रंगाने 'सा' लिहिले.

५. घरात चाचणी घेतली असता वडील उसळले व त्यांचे डोके पत्र्याला लागले. (पत्र्यास किरकोळ इजा.) त्यामुळे ठोकळा ग्रामपंचायतीसमोरच्या खुल्या व्यायामशाळेत ठेवण्यात आला. तेथे धरायला लोखंडी दांडे आहेत. वडील आजोबांना रोज सकाळी मोटारसायकलवर नेत. आजोबा दोन्ही हातांनी दांडा धरत आणि डावा पाय ठोकळ्यावर ठेवत. सुरुवातीला ठोकळ्याला ते कळतही नव्हते. मग एक खरखर ऐकू येऊ लागली, सर्दी झालेल्या बकरीच्या पिल्लासारखी. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी स्वच्छ, भरलेला सा निघाला. आजी तेव्हा तिथेच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि थोड्या वेळाने विचारले, "च्या पिता का आता?" आजोबा म्हणाले, "एक डाव अजून ऐक, मंग पितो."

६. त्यानंतर गावातील इतर मंडळीही ठोकळ्यावर येऊ लागली. गुडघेदुखीवाल्या बाया सकाळी, शाळा सुटल्यावर पोरे, बाजारच्या दिवशी बाहेरगावचे लोक. समोरच श्री. भालचंद्र पाठक राहतात. ते तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून संगीताचे जाणकार आहेत. त्यांनी लेखी तक्रार दिली. तक्रार आवाज मोठा असल्याची नव्हती. तक्रारीत नमूद होते की, "दुपारी पडलो असता 'सा' ऐकू येतो. त्यानंतर 'रे' येईल म्हणून मन थांबून राहते. परंतु 'रे' येत नाही, पुन्हा 'सा' येतो. अशा स्थितीत झोप अशक्य आहे."

तक्रारीवरून ग्रामविकास अधिकारी श्री. कुलदीप मापारी यांनी पंचनामा करून ठोकळा जप्त केला. पंचनाम्यात त्याचे वर्णन "पांढऱ्या रंगाचा, दाबल्यास ओरडणारा नग एक" असे आहे. चार जणांनी उचलून तो भांडारखोलीत नेला व कुलूप लावले. नेताना तो दोनदा ओरडला.

७. मी परत मिळणेबाबत अर्ज केला. प्रथम उत्तर आले की ठोकळा हे अतिक्रमण आहे. मी कळविले की तो जमिनीला चिकटलेला नाही, उलट जमिनीपासून दूर जाणे हाच त्याचा स्वभाव आहे. तेव्हा ते वाद्य ठरवून परवानगीचा कागद मागण्यात आला. मी परवानगीसाठी गेले तर विचारणा झाली की वादक कोण? जो पाय देईल तो, असे सांगितले. त्यावर सर्व संभाव्य वादकांचे आधार कार्ड जोडण्याची सूचना झाली. पुढे तो व्यायामसाहित्यात घेण्याचे घाटले, परंतु त्यासाठी उत्पादक कंपनीचे हमीपत्र लागते व आमच्या वडिलांची कंपनी नाही. दरम्यान भांडारखोली बंद असताना कचेरीच्या वेळेत आतून सा ऐकू आल्याचे बऱ्याच लोकांनी सांगितले. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मनुष्यस्वभाव आहे.

८. आता मूळ मुद्दा. ठोकळा जप्त झाला त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. आम्हाला वाटले, पुन्हा भिंतीकडे तोंड. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गॅरेजला गेल्यावर त्यांनी काठी मागितली. आजीने विचारले, "कुठं जाता?" "इचारून येतो मापारीले, काय गुन्हा केला म्हून." आमचे घर गावाच्या या टोकाला, ग्रामपंचायत त्या टोकाला. मी मोटारसायकलसाठी वडिलांना फोन लावू लागले, तर त्यांनी हाताने खूण करून थांबविले. भांडायला जाताना मागे बसून जायचे नसते, असे त्यांचे म्हणणे.

त्या दिवशी ते पिठाच्या गिरणीपर्यंत गेले आणि तिथल्या पोत्यावर बसले. मी त्यांना हाताला धरून परत आणले. वाटेत रागाने त्यांचा श्वास जोरात चालला होता आणि मला, खरे सांगते, ते बरे वाटले. नंतर ते बसथांब्यापर्यंत जाऊ लागले, आणि संक्रांतीच्या आधी एकदा थेट कचेरीत पोचले. कचेरीला पायऱ्या आहेत. श्री. मापारी खिडकीतून पाहत होते. त्यांनीच मला नंतर सांगितले की, आजोबांनी डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, पुष्कळ वेळ तसेच उभे राहिले, आणि मग अंग वर ओढून घेतले. आत येऊन म्हणाले, "साहेब, माहा सा द्या."

श्री. मापारी म्हणाले, "आजोबा, उद्या या."

आजोबा दुसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून ते रोज जात आहेत. भांडावे लागत असल्याने त्यांची जीभही सुटली आहे. पूर्वी जे शब्द अर्धवट निघत ते आता श्री. मापारी यांना पूर्ण ऐकावे लागतात. येताना ते श्री. पाठक यांच्या ओट्यावर टेकतात व त्यांच्याशीही भांडतात. श्री. पाठक यांना त्यामुळे दुपारची झोप अजूनही नाही, मात्र ते आता चहा ठेवून वाट पाहतात. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी आजोबांना खोलीत चालायला लावले व मला विचारले, "व्यायाम कोणता घेता यांच्याकडून?" मी म्हणाले, पाठपुरावा.

९. अशा स्थितीत, आपल्याकडे पाठविलेल्या माझ्या स्मरणपत्रांवरून, आपला संदर्भ क्र. ३ चा आदेश आला. त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. परंतु श्री. मापारी यांचा फोन आला, "घेऊन जा तुमचा ठोकळा," तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. ठोकळा घरी आला तर आजोबा जातील कुठे? वडील म्हणाले, "आणून टाकू, म्हातारा खूश होईल." आजी म्हणाली, "खूश होईल अन् बसून जाईल." घरात यावरून अबोला झाला. शेवटी आजोबांना काही न सांगता आपल्याकडे हा अर्ज करायचे मी व आजीने ठरविले. त्यांच्यापासून त्यांचीच वस्तू लपवीत आहोत, हे मला डाचत होते. तरी मी लिहायला बसले.

काल दुपारी मी मसुदा आजीला वाचून दाखवीत होते. आजोबा झोपले आहेत असा आमचा समज होता. विषय वाचून झाल्यावर खाटेवरून आवाज आला, "तो 'न' जरा मोठा लिहिजो. साहेब घाईत असतात."

आजीने विचारले, "तुमाले माहीत हाये?"

"आदेश आला त्याच दिवशी मापारीनं सांगतलं," आजोबा म्हणाले. "मीच म्हनलं त्याले, राहू दे. तू आपलं उद्या या म्हनत जाय. मले रोज निघायले कारन पायजे." पुढे म्हणाले, "तुमीच दोघी कवा सांगता, ते पाहून राह्यलो होतो."

आजी हसली, आणि मग बराच वेळ हसत राहिली. वडील संध्याकाळी आले तेव्हा त्यांना सर्व सांगितले. त्यांचाही अबोला संपला.

१०. तरी आपणास विनंती आहे की :

(अ) ठोकळा पुढील आदेशापर्यंत कागदोपत्री जप्तच ठेवावा.

(आ) मात्र भांडारखोलीत उंदीर असल्याने तो बाहेर कचेरीच्या ओसरीवर ठेवावा व येणाऱ्या-जाणाऱ्यांस पाय देऊ द्यावा. श्री. पाठक यांची यास हरकत नसल्याचे त्यांनी लिहून दिले आहे.

(इ) श्री. मापारी यांची तूर्त बदली करू नये. आजोबा म्हणतात, नवीन माणसाला भांडण शिकवायला वेळ जातो.

११. हा अर्ज टपालाने पाठविण्याचा माझा विचार होता. आजोबांनी तो माझ्या हातातून घेतला व घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. ते स्वतः एस.टी.ने आपल्याकडे येणार आहेत. आपले कार्यालय पहिल्या मजल्यावर असल्याचे समजते. जिन्यात शिपाईदादांनी अगर अन्य कोणी कृपया त्यांचा हात धरू नये. मी सोबत असेन, एक पायरी मागे. त्यांना वेळ लागेल. वर पोचल्यावर बसायला खुर्ची द्यावी, ही विनंती.

एरवी आपली आज्ञाधारक, या एका बाबतीत हट्टी,

(सही)
पायल प्रसेनजित हिवाळे

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत.
२) श्री. भालचंद्र पाठक यांचे ना-हरकत पत्र.
३) श्री. किसनराव हिवाळे (समक्ष).