मातृभाषेचा रकाना

पलूस, शनिवार, ६ मार्च १९७१

येथील शाळेत बदली झाल्याने कोरेगावहून सकाळच्या एस.टी.ने निघालो, कराडला गाडी बदलली आणि दुपारी येथे पोहोचलो. गाव प्रथमदर्शनीच आवडले, हे नमूद करण्यास हरकत नाही. दोन्ही अंगांना ऊस आहे, गुऱ्हाळे चालू आहेत आणि हवेला काकवीचा वास आहे. मुख्याध्यापकांनी स्वतः चहा पाजला. जनगणनेसाठी एक प्रगणक कमी पडत असल्याचे त्यांनी सांगितले. मला घरी वाट पाहणारे कोणी नसल्याने माझे नाव कळविले, असेही ते संकोचाने म्हणाले. मी आनंदाने होकार दिला.

खोली हरणाबाईंकडे मिळाली. त्या एका हवालदाराच्या विधवा असून पूर्वी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामास होत्या. माझी एकुलती पेटी पाहून त्यांनी मागून कोण येणार, असे विचारले. कोणी नाही, असे मी सांगितले. "बरं. दोगांच्या भाकरी करीन, पर वर एक जास्तीची टाकीन. मोजून भाकरी करू ने, गुर्जी."

पत्नी गोदावरी हिला जाऊन आज एकशे बारा दिवस झाले. दुःख होते की नाही, हे मला निश्चित सांगता येत नाही. दाढ काढल्यावर गाल काही वेळ आपला वाटत नाही, तसे आहे.

बुधवार, १० मार्च

आजपासून गणना सुरू झाली. शाळा सकाळची असल्याने दुपार मोकळी मिळते. माझ्या गटात एकशे अठरा घरे आहेत. प्रत्येक दारावर गेरूने क्रमांक घातला आहे आणि प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी भरावयाची आहे.

अडचण एकच येते. स्त्रिया नवऱ्याचे नाव उच्चारीत नाहीत. शालूबाई नावाच्या सुनेने पदर दातात धरून, डोंगरावर ज्याच्यावर गुलाल उधळतात त्या देवाचे नाव, एवढेच सांगितले. आतून सासू ओरडली, "जोतिबा म्हन की गं! जीभ झडती व्हय तुजी?" सून म्हणाली, "मग तुमी मामंजींचं घ्या बगू!" सासूनेही पदर दातात धरला. सारी गल्ली हसली. मीही हसलो असेन.

रविवार, १४ मार्च

आज आकाराम नावाच्या गृहस्थांच्या घरी बराच वेळ बसलो. धर्म विचारल्यावर त्यांनी बौद्ध असे सांगितले. नियमाप्रमाणे अनुसूचित जातीची नोंद केवळ हिंदू व शीख यांचीच करावयाची असल्याने पुढील रकान्यात मला रेघ ओढावी लागेल, हे मी त्यांना समजावले. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली.

"म्हंजे बुद्ध झालो की आमाला कवा कुनी वाळीत टाकलंच न्हवतं. लय झ्याक कायदा हाय," ते म्हणाले. "वडा रेघ. पर बौद्ध लिवा. मी सांगतूय तेच लिवा, मनाचं न्हाई."

मी तेच लिहिले. त्यांनी दोनदा वाचून खात्री करून घेतली. हा मनुष्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

शुक्रवार, १९ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवणे उचित होईल.

दहा वर्षांपूर्वीच्या गणनेत कोरेगावला आमच्या दारी प्रगणक आले होते. कुटुंबप्रमुख या नात्याने उत्तरे मी दिली. पत्नीची मातृभाषा मी मराठी सांगितली. स्वयंपाकघराच्या दाराआडून ती हलक्या आवाजात "कानडी" म्हणाली. प्रगणकांनी माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा मराठी म्हणालो आणि त्यांनी तसे लिहिले.

ती अथणीची होती. माहेरचे नाव तुंगा. लग्नात तांदळांवर अंगठीने मी गोदावरी लिहिले, तेव्हापासून तुंगा हे नाव आमच्या घरात कोणी घेतले नाही. अकरा वर्षांत मी तिच्या भाषेतील एक वाक्यही शिकलो नाही. बाळंतपणात ती गेली त्या दिवशी, चौदा नोव्हेंबरला, इस्पितळात ती एकच वाक्य तीन वेळा बोलली, कानडीत. मला अर्थ कळला नाही. बोलू नकोस, विश्रांती घे, असे मी सांगितले. मुलगी चार तास जगली होती. तिला उजव्या हातावर घेऊन जाऊन, पुरून मी नुकताच परतलो होतो. गोदावरीला हे सांगितले नव्हते. सांगण्याचे राहून गेले.

मंगळवार, २३ मार्च

एकशे अठरा घरे पूर्ण झाली. परतताना ओढ्यापलीकडे, उसाच्या कडेला एक घर दिसले. दारावर ओल्या गेरूत ११९ असा क्रमांक होता. यादीत तो नाही. घर सुटता कामा नये असा नियम असल्याने मी गेलो.

ऊन रणरणत होते. दार अर्धे लोटलेले होते. चौकटीवर हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा दिसत होता. बाईंनी आतूनच उत्तरे दिली. नाव तुंगा. वय एकतीस. विवाहित. जन्मस्थान अथणी. मातृभाषा कानडी. अपत्य एक, मुलगी, वय शून्य, नाव अद्याप ठेवलेले नाही. तान्ह्या मुलाची मातृभाषा आईची लिहावी, असे सूचनापुस्तकात आहे. म्हणून तेथेही कानडी लिहिले. मुलगी दिसत नव्हती. विचारले असता, वडिलांनी नेली आहे, अजून परत आणली नाही, असे सांगण्यात आले.

कुटुंबप्रमुखाचे नाव विचारले. बाईंनी नाव घेतले नाही. शेजार नसल्याने दुसऱ्या कोणाला विचारता येईना. घरधनी काय करतात, एवढे तरी सांगावे, असे मी म्हणालो. ते शिक्षक आहेत, घरोघर माणसे मोजीत फिरतात आणि येथे सर्वांत शेवटी येतील, असे उत्तर मिळाले.

मी सर्व नीट अक्षरात लिहिले. निघताना आतून एक वाक्य ऐकू आले. कूसु एल्लदरी. हे ध्वनी माझ्या ओळखीचे आहेत.

तुंगा हे नाव त्या भागात पुष्कळ असावे.

बुधवार, २४ मार्च

हरणाबाईंना विचारले. ओढ्यापलीकडे घर नाही. "आमच्या सासऱ्याचं मोडकं गुऱ्हाळ हाय तितं. भिंतीबी न्हाईत, दार कुटलं आलंय?"

मग ते वाक्य म्हणून दाखविले. वखारीतल्या कानडीवर त्यांनी लगेच अर्थ सांगितला: बाळ कुठं हाय? आवं-जावं घालून इचारलंय, म्हणाल्या, नवऱ्याला इचारत्यात तसं.

उत्तर कसे देतात, हे मी विचारले. बाळ इथेच आहे असे म्हणावयाचे असेल तर "कूसु इल्ले अद". मी वहीत लिहून घेतले. त्यांनी विचारले, कुनाला सांगायचं हाय? मी वही मिटली.

शनिवार, २७ मार्च

चिठ्ठ्या मोजल्या. माझ्या हिशेबाने एकशे एकोणिसाव्या घराच्या दोन असावयास हव्यात. तीन आहेत. तिसरी कुटुंबप्रमुखाची आहे. नाव शरच्चंद्र, वय छत्तीस, शिक्षक. नाव माझे आहे आणि अक्षरही माझे आहे.

वैवाहिक स्थिती: विवाहित.

हरणाबाईंच्या घरी माझी चिठ्ठी दहा तारखेलाच भरली आहे. तेथे मी विधुर आहे.

एक व्यक्ती दोन ठिकाणी मोजली जाऊ नये.

गुरुवार, १ एप्रिल

आज सूर्योदयाची स्थिती प्रमाण धरावयाची आहे. आजपासून तीन दिवस पडताळणीची फेरी. सूर्योदयापूर्वी मृत झालेल्यांच्या चिठ्ठ्या रद्द कराव्यात, असा स्पष्ट नियम आहे.

ओढ्यापलीकडे गेलो. घर आहे. त्या दोन चिठ्ठ्यांवर आडवी रेघ मारावयाची होती. तुंगा या नावावर लेखणी टेकविली. आतून बांगड्या वाजल्या. एकदाच.

मनाचं न्हाई, असे आकाराम म्हणाले होते.

रेघ मारली नाही. त्या दोन चिठ्ठ्या राहिल्या, तर ते कुटुंबही राहते. आणि कुटुंब म्हटले की प्रमुख—

शुक्रवार, २ एप्रिल

उजव्या हाताला वजन जाणवते. कोपराच्या आतल्या बाजूस. दप्तर खाली ठेवले तरी जात नाही. पाच पौंडांहून अधिक नसावे. ऊबदार आहे. शाळेत फळ्यावर लिहिता आले नाही, हात सरळ करवेना. सरळ केल्यास पडेल, असे वाटते.

भीती वाटते, असे लिहिले पाहिजे. दाढेची बधिरता उतरू लागते तेव्हा प्रथम—

शनिवार, ३ एप्रिल, सकाळ

पडताळणीचा अखेरचा दिवस. हरणाबाईंच्या घरातील माझी चिठ्ठी रद्द केली. कारण: अन्यत्र वास्तव्य.

रेघ ओढली तेव्हा त्या समोर धान्य निवडीत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी वर पाहिले नाही. पुन्हा हाक मारली. त्या उठल्या, माझ्या अंगावरून पलीकडे गेल्या आणि खोलीला कुलूप लावले.

टोपलीत आज एकच भाकरी—

दुपार

ओढा ओलांडला. दार पूर्ण उघडे आहे. पायरीवर बसून डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा मोकळा नाही. हालचाल आहे. लहानशी—

आतून विचारीत आहे. तोच प्रश्न. तीन वेळा झाला.

या खेपेस विश्रांती घे म्हणणार नाही. वाक्य पाठ आहे. उच्चार चुकू नये म्हणून आधी येथे लिहितो आणि मग आत—

कूसु इल्ले अ